शांत वेळेवर मेमरी खर्च करू नका

आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटर, लॅबमधल्या बोलीत नुसता 'आर्ब', ज्या कॉलेजात असतो तिथेही त्याचा बहुतेक वेळ साइन आणि स्क्वेअर वेव्ह काढण्यात जातो. ते काम साधा फंक्शन जनरेटरही करतो. आर्बची खरी ताकद त्याच्या मेमरीत आहे. एकेक पॉइंट करून तुम्ही जो आकार भरून ठेवाल, तोच तो बाहेर काढतो. अडचणही तिथेच येते. दोन-चार सिग्नल भरले की 'मेमरी फुल' असा संदेश दिसतो, मग विद्यार्थी सॅम्पल रेट उतरवतात, सिग्नल खडबडीत होतो आणि प्रयोग तिथेच सोडला जातो. वास्तविक बहुतेक आर्बमध्ये मेमरी सेगमेंटमध्ये, म्हणजे स्वतंत्र तुकड्यांत, वाटण्याची सोय असते. हे तुकडे कोणत्या क्रमाने, किती वेळा आणि कशाची वाट पाहून वाजवायचे, हेही ठरवता येतं. ही वाटणी कशी करावी ते या लेखात सांगतो आहे. त्यासाठी उदाहरण रायगडच्या किनाऱ्यावरचंच घेतो, कारण या विषयाला त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवते. त्याआधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. कुलाब्याची वेधशाळा 1826 ची आणि तिथल्या चुंबकीय नोंदी 1841 पासूनच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचं ठरलं. विजेच्या ट्रामचा करंट जमिनीत पसरणार आणि नोंदी बिघडवणार, हे तेव्हाचे संचालक डॉ. नानाभॉय मूस यांनी ओळखलं आणि नव्या जागेसाठी अलिबाग निवडलं. दोन्ही ठिकाणची यंत्रं 1906 पर्यंत एकाच वेळी चालवली, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. विजेची ट्राम धावली 1907 मध्ये. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे.

या इतिहासातली एक गोष्ट आपल्या कामाशी थेट जोडलेली आहे. 2 सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौरवादळात कुलाब्याला क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे. एरवी तिथे वाचनं तासातासाला घेतली जात. वादळ सुरू झाल्यावर निरीक्षकांनी ती काही मिनिटांच्या अंतराने घ्यायला सुरुवात केली. म्हणूनच त्या वादळाचा आकार आज आपल्या हातात आहे. जिथे काही घडतं आहे तिथे बिंदू दाट आणि जिथे शांत आहे तिथे विरळ, हीच मेमरी वाटण्याची योग्य रीत. मेमरीचे समान भाग करून त्यात सिग्नल कोंबणं हा उलटा मार्ग आहे.

आर्बमध्ये मात्र एक मर्यादा येते. बहुतेक यंत्रांत सगळ्या सेगमेंटना सॅम्पल क्लॉक एकच असतो. शांत भागासाठी क्लॉक हळू आणि वादळासाठी जलद, असं चालत्या सीक्वेन्समध्ये करता येत नाही. त्यामुळे बचत करायची ती पुनरावृत्तीतून. शांत भागाचा एक लहानसा तुकडा एकदाच भरायचा आणि तो हव्या तितक्या फेऱ्या वाजवायचा.

पहिला प्रयोग: प्रोटॉनचा सूर

प्रोटॉन प्रिसेशन मॅग्नेटोमीटरमध्ये केरोसीनसारखा हायड्रोजनयुक्त द्रव कॉइलमध्ये ठेवतात. दोनेक सेकंद करंट सोडून प्रोटॉन एका दिशेला वळवतात, करंट तोडतात आणि मग ते प्रोटॉन पृथ्वीच्या क्षेत्राभोवती घुमू लागतात. कॉइलमध्ये काही मायक्रोव्होल्टचा विझत जाणारा साइन सिग्नल येतो आणि त्याची वारंवारिता मोजली की क्षेत्र कळतं. 1 हर्ट्झ म्हणजे सुमारे 23.487 नॅनोटेस्ला. अलिबागच्या बाजूला एकूण क्षेत्र 43 हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असतं, म्हणजे वारंवारिता साधारण 1830.8 हर्ट्झ येते.

मॅग्नेटोमीटरचा अॅम्प्लिफायर आणि काउंटर बरोबर चालतात का, हे पाहायला हाच सिग्नल आर्बमधून द्यायचा आहे, आणि तोही क्षेत्राच्या दहा वेगवेगळ्या किमतींसाठी. सॅम्पल रेट सेकंदाला 64,000 ठेवा. एका आवर्तनाला सुमारे 35 पॉइंट मिळतात, ते पुरेसे आहेत. मोजणीचं एक चक्र 5 सेकंदांचं धरा: 3.5 सेकंद शांतता आणि 1.5 सेकंद सिग्नल. सरळ भरलं तर एका चक्राला 3,20,000 पॉइंट लागतात. आर्बची मेमरी 10 लाख पॉइंटची असेल तर तीन किमती बसतात, चौथीला जागा उरत नाही.

आता सेगमेंट पाडा. शांततेचा तुकडा 640 पॉइंटचा, सगळ्या किमती शून्य; तो 10 मिलिसेकंद चालतो. 350 फेऱ्या लावल्या की 3.5 सेकंद झाले. सिग्नलचा तुकडा 96,000 पॉइंटचा. दहा किमतींचे दहा तुकडे म्हणजे 9,60,000 पॉइंट, आणि शांततेचा एकच तुकडा सगळ्यांना पुरतो. एकूण 9,60,640. तीन किमतींत संपणाऱ्या मेमरीत आता दहा किमती बसल्या आणि सिग्नलचा दर्जा तसूभरही उतरला नाही.

640 आणि 96,000 हे आकडे मी सहज घेतलेले नाहीत. सेगमेंटची लांबी ठरावीक संख्येच्या पटीतच असावी, अशी अट अनेक आर्बमध्ये असते. कुठे 16, कुठे 32. किमान लांबीचीही अट असते. वरचे दोन्ही आकडे 32 ने भाग जाणारे आहेत. तुमच्या यंत्राची अट मॅन्युअलच्या तपशीलपत्रकात दिलेली असते. ती पाहिल्याशिवाय पॉइंट मोजायला बसू नका, कारण काही यंत्रं चुकीच्या लांबीला एरर देतात आणि काहींचं सॉफ्टवेअर स्वतःच शेवटी पॉइंट भरून तुकडा लांबवतं. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. सिग्नल वाजतो, पण तुम्ही लिहिलेला नसतो.

सिग्नलचा तुकडा शून्यापासून सुरू करा, म्हणजे शांततेशी सांधा जुळतो. शेवटाकडे मात्र लक्ष द्यावं लागतं. विझण्याचा कालांक अर्धा सेकंद घेतला तर दीड सेकंदानंतरही मूळ उंचीच्या 5 टक्के सिग्नल शिल्लक असतो. तिथून एकदम शून्यावर उडी मारली की स्कोपवर काटा दिसतो आणि काउंटर तो मोजू शकतो. शेवटचे 1280 पॉइंट, म्हणजे 20 मिलिसेकंद, हळूहळू शून्याकडे उतरते ठेवा. एवढ्याने तो काटा जातो.

सतत वाजणारा साइन द्यायचा असेल तर हिशेब बदलतो. फेऱ्यांमध्ये वाजणाऱ्या तुकड्यात आवर्तनं पूर्ण संख्येतच असायला हवीत, नाहीतर प्रत्येक फेरीच्या सांध्यावर फेज तुटते. 640 पॉइंटमध्ये 18 आवर्तनं बसवली तर वारंवारिता म्हणजे सॅम्पल रेट गुणिले 18 भागिले 640. 1830.8 हर्ट्झ हवे असतील तर सॅम्पल रेट 65,095.1 ठेवावा लागतो. क्षेत्र 1 नॅनोटेस्लाने बदलायचं तर सॅम्पल रेट सेकंदाला सुमारे दीड पॉइंटने हलवायचा. याउलट सॅम्पल रेट 64,000 वर अडवून धरला आणि तुकडा दीड सेकंदाचा ठेवला, तर वारंवारितेच्या पायऱ्या दोन तृतीयांश हर्ट्झच्या, म्हणजे जवळपास 16 नॅनोटेस्लाच्या पडतात. मॅग्नेटोमीटर तपासायला त्या फारच ढोबळ आहेत. विझणाऱ्या सिग्नलला ही अट लागत नाही, कारण तो एकदाच वाजतो आणि शून्यावर संपतो. तिथे हवी ती वारंवारिता लिहा.

साइन लिहिताना 0 ते 639 असे पॉइंट घ्या आणि भागाकार 640 ने करा. संगणकावर सुरुवात आणि शेवट दोन्ही धरून समान अंतराचे बिंदू पाडले की भागाकार 639 ने होतो, शेवटचा पॉइंट पहिल्यासारखाच येतो आणि प्रत्येक फेरीत एक पॉइंट थबकतो. पुष्कळ फेऱ्यांची सरासरी घेतली तर ही चूक झाकली जाते. पण एका फेरीच्या आत मोजलं तर वारंवारिता 640 भागिले 639 इतकी जास्त दिसते, आणि 43 हजारांवर तो फरक 67 नॅनोटेस्लाचा होतो. अलिबागच्या अनेक सामान्य दिवसांचा दैनंदिन चढउतारच त्या आसपासचा असतो, यावरून या एका पॉइंटची किंमत लक्षात यावी.

सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये हवा म्हणून तुकड्यातल्या किमती लहान लिहू नका. 14 बिटांच्या आर्बला 16,384 पायऱ्या असतात. शंभरावा हिस्सा वापरलात तर हाती जेमतेम 164 उरतात. किमती पूर्ण उंचीच्याच लिहा, आउटपुट 100 मिलिव्होल्ट ठेवा आणि बाहेर 80 डेसिबलचा अॅटेन्युएटर लावा. 10 मायक्रोव्होल्टचा स्वच्छ सिग्नल मिळतो.

जोडणीआधी एक गोष्ट सक्तीने पाळा. मॅग्नेटोमीटरच्या ज्या टर्मिनलवर कॉइल लागते, तिथूनच प्रोटॉन वळवणारा करंटही बाहेर येतो. तो मोठा असतो. आर्ब थेट तिथे जोडला तर हा करंट उलटा आउटपुटमध्ये शिरून यंत्र जळू शकतं. करंटचा भाग बंद करून, किंवा अॅम्प्लिफायरच्या इनपुटला वेगळी वाट काढूनच सिग्नल द्या. तो करंट तुटल्याचा पल्स मॅग्नेटोमीटरमधून मिळत असेल तर तो आर्बच्या ट्रिगर इनपुटला द्या. मग 350 फेऱ्यांचा हिशेब लागतच नाही. शांततेचा तुकडा ट्रिगर येईपर्यंत फिरत राहील आणि सिग्नल अगदी योग्य क्षणी सुरू होईल.

दुसरा प्रयोग: टेबलावरचं सौरवादळ

इथे मेमरीची टंचाई नाही. इथे सेगमेंट हवेत ते वेळेवर ताबा ठेवण्यासाठी. फ्लक्सगेट सेन्सर हेल्महोल्ट्झ कॉइलच्या मध्ये ठेवायचा आणि कॉइलमधून आर्बने चुंबकीय वादळ निर्माण करायचं. खऱ्या वादळाचे टप्पे ठरलेले असतात. आधी शांतता, मग काही मिनिटांत क्षेत्राची अचानक उसळी, नंतर काही तासांची मोठी घसरण आणि शेवटी एक-दोन किंवा अधिक दिवसांची सावकाश भरपाई. 10 आणि 11 मे 2024 च्या वादळात कमी अक्षांशांवरच्या वेधशाळांच्या नोंदींवरून काढला जाणारा डीएसटी निर्देशांक उणे 400 नॅनोटेस्लाच्याही खाली गेला होता.

काळ साठपट आक्रसून घ्या, म्हणजे खरं मिनिट प्रयोगात सेकंदाचं होतं. सॅम्पल रेट सेकंदाला 10 पुरतो. उसळीला 64 पॉइंट द्या: 40 पॉइंटमध्ये चढ आणि उरलेले वरच्या पातळीवर स्थिर. आठ तासांची घसरण म्हणजे 4,800 पॉइंट. दोन दिवसांची भरपाई म्हणजे 28,800. आणि शांततेला फक्त 32 पॉइंट.

शांततेचा तुकडा इतका लहान ठेवण्याचं कारण ट्रिगरमध्ये आहे. बरीच यंत्रं ट्रिगर आला तरी चालू फेरी पुरी करूनच पुढच्या सेगमेंटवर जातात. 32 पॉइंटची फेरी 3.2 सेकंदांची, म्हणजे बटण दाबल्यावर फार तर तेवढा उशीर. तुकडा 320 पॉइंटचा केलात तर बटण दाबून अर्धा मिनिट थांबावं लागेल आणि ट्रिगर लागला की नाही म्हणून कोणीतरी पुन्हा दाबेल. काही यंत्रं ट्रिगर येताच मधूनच उडी मारतात. तुमचं यंत्र यातलं काय करतं, हे स्कोपवर एकदा पाहून घ्या.

सांधे इथे जास्त नाजूक आहेत. भरपाईचा वक्र घातांकी लिहिला तर तो शून्याच्या जवळ जातो, पण शून्यावर पोचत नाही. त्यानंतर शांततेचा तुकडा आला की क्षेत्रात उडी पडते आणि नोंद पाहणाऱ्याला ती नव्या वादळाची सुरुवात वाटते. भरपाईचा शेवट हलकेच वाकवून नेमका शून्यावर आणा. प्रत्येक तुकड्याची शेवटची किंमत पुढच्या तुकड्याच्या पहिल्या किमतीशी जुळते का, याचा तक्ता आधी कागदावर करा. त्यात तुकड्याचं नाव, पॉइंट, पहिली किंमत, शेवटची किंमत, फेऱ्या आणि पुढे कुठे जायचं एवढं लिहिलं की पुरे. सगळ्यात जास्त वेळ हा कागद वाचवतो.

बाहेरून फाइल आणताना आणखी एक धोका संभवतो. काही सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा आपोआप पूर्ण उंचीपर्यंत ताणतात. तसं झालं की 40 नॅनोटेस्लाची उसळी आणि 300 ची घसरण सारख्याच उंचीची दिसते. ही सोय बंद करा आणि सगळ्या तुकड्यांना एकच मोजपट्टी ठेवा.

कॉइलचा हिशेब सोपा आहे. प्रत्येकी 20 वेढे आणि अर्धा मीटर त्रिज्या असेल तर 1 मिलिअॅम्पिअरला साधारण 36 नॅनोटेस्ला मिळतात. आर्बचे स्वतःचे 50 ओहम, कॉइलचा रोध आणि बाहेरचा रेझिस्टर मिळून मालिकेत 1000 ओहम ठेवले तर 10 व्होल्टला 10 मिलिअॅम्पिअर, म्हणजे 360 नॅनोटेस्ला. 300 ची घसरण त्यात बसते. 1859 च्या मापाचं वादळ हवं असेल तर 44 मिलिअॅम्पिअरहून जास्त लागतील, आणि त्यासाठी मध्ये अॅम्प्लिफायर घालावा लागेल. आर्बच्या मेन्यूत लोड 'हाय झेड' निवडा. तिथे 50 ओहम राहिलं तर पडद्यावर दिसतो त्याच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज बाहेर येतो आणि तुमचं वादळही दुप्पट होतं.

उसळीच्या तुकड्याच्या सुरुवातीला मार्कर लावा आणि तो डेटा लॉगरच्या दुसऱ्या चॅनेलला द्या. सेन्सरने बदल किती उशिरा टिपला, हे त्यावरूनच कळेल. आर्ब, स्कोप, खुर्च्या, मोबाइल आणि किल्ल्या सेन्सरपासून लांब ठेवा. अलिबागच्या वेधशाळेच्या इमारतीसाठी पोरबंदरचा चुंबकत्व नसलेला दगड निवडला होता, तो याच कारणाने. कॉलेजच्या लॅबमधलं लोखंडी टेबल प्रयोग बिघडवायला पुरेसं असतं. तिथे लाकडी टेबल हवं.

मेमरी सांभाळणं

सेगमेंट पुसल्यावर मोकळी झालेली जागा पुन्हा वापरता येतेच असं नाही. काही आर्बमध्ये पुसलेल्या तुकड्याच्या जागी तेवढ्याच किंवा त्याहून लहान लांबीचाच नवा तुकडा बसतो. 1000 पॉइंटच्या जागी 1032 भरायला गेलात की एरर येते, मेमरीत इतरत्र भरपूर जागा असली तरी. अशा यंत्रात मधलेच तुकडे पुसत बसू नका. सगळी मेमरी रिकामी करा आणि क्रमाने पुन्हा भरा. ज्यांची लांबी बदलण्याची शक्यता आहे ते तुकडे शेवटी ठेवा, कारण शेवटच्या तुकड्याला पुढे वाढायला मोकळी जागा असते. भरताना आउटपुट बंद ठेवा.

अनेक आर्बमध्ये वेव्हफॉर्मची मेमरी लाइट गेली की पुसली जाते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर वीज कधी आणि किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरुड, अलिबागच्या कित्येक गावांनी अनेक दिवस अंधारात काढले. म्हणून सगळे सेगमेंट लॅपटॉपवरच्या एका स्क्रिप्टमधून भरा, हाताने नव्हे, आणि ती स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरही ठेवा. यूपीएस नसेल तर लांबलचक सीक्वेन्स रात्रभर लावून घरी जाऊ नका. खाऱ्या हवेने बीएनसी कनेक्टर काळे पडतात आणि मिलिव्होल्टच्या सिग्नलवर त्याचा परिणाम लगेच दिसतो. ते वेळोवेळी पुसा आणि न वापरता पडलेल्या टोकांना टोपी लावा.

सुरुवात प्रोटॉनच्या प्रयोगाने करा. त्याला कॉइल लागत नाही, लाकडी टेबल लागत नाही, आणि उत्तर बरोबर की चूक हे काउंटरच्या आकड्यावर लगेच दिसतं. दहाही किमतींवर काउंटर 1 नॅनोटेस्लाच्या आत आला की मगच कॉइल गुंडाळायला घ्या.